कानबाईची वाट

अगं, माझी लेक वैशाली आमच्या रनाळ्याच्या अंगणात पोरींना अमेरिकन फुटबॉल शिकवत होती. "चेंडूवालीच्या पुढच्यांनी कुणाला धरायचं नाही, खांद्याने रेटून वाट करायची!"

अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, गरजले, "बाईनी जातले धक्काबुक्की शोभस का? खेळ बंद!"

पदर सावरून मीच पुढे झाले. "भाऊ, कानबाई माय विसर्जनले निंघस, तवय तिन्हा म्होरे गर्दी कोन रेटस? आमी बायाच ना? औंदा मारगमा तुमीच उभा व्हतात. तुमले मांगतीन कोनी लोटं?"

"कोनी?"

"मी! उपास व्हता, तरी."

खुर्ची उचलून जेठ भिंतीकडे सरकले.

वैशाली ओरडली, "वाट झाली, पळ!"