ज्याला सुई टोचत नाही

रक्तपेढीच्या बाकावर माझ्या शेजारी एक धिप्पाड मामा आणि त्याची आठ-नऊ वर्षांची भाची बसली होती.

"मामा, सुपरहिरो शूर नसतो असं का म्हणालास?"

"त्याला गोळी लागली तर काय होतं?"

"गोळीच वाकडी होते."

"मग त्यात कसलं आलंय शौर्य? ज्याला काही दुखतच नाही, तो छाती काढून उभा राहणारच."

"पण तो सगळ्यांना वाचवतो."

"उद्या तुझ्या आईचं ऑपरेशन आहे. तिला रक्त द्यायला येईल का तो?"

"बोलावलं तर येईल."

"येऊन करेल काय? त्याच्या कातडीत सुईच शिरायची नाही."

"अरे हो की. मग काय उपयोग त्याचा?"

"तेच तर सांगतोय मघापासून."

"तुझ्यात शिरेल ना?"

"शिरेल की. न शिरायला काय झालं?"

"मग सारखं पाणी का पितोयस?"

"रक्त नीट वाहावं म्हणून."

"आणि पाय का हलतायत?"

"सवय आहे मला. तू जरा हात दे इकडे."

"कशाला?"

"तू घाबरशील म्हणून."

तेवढ्यात नर्सने दोघांना आत बोलावलं. दार उघडंच राहिलं.

"भाऊ, मूठ आवळा."

"आवळली."

"ती नाही हो, या हाताची. तो हात सैल सोडा. पोरीची बोटं चेंगरतायत."

"मला नाही दुखत," भाची ओठ चावत म्हणाली. "तुम्ही टोचा त्याला."