बिनमिठाचं ताट

नाही नाही, ती डबी टेबलावर नका ठेवू — कापायचं टेबल आहे ते, लोकांचे कपडे येतात त्यावर. आणि त्या डबीत माझं — म्हणजे सकाळचं — तेच हवंय ना तुम्हाला? पन्नास वर्षं शिवणकाम करतोय ताई, गिऱ्हाइकांनी नाही नाही ते मागितलं, पण हे कुणी मागितलं नव्हतं. हसू नका. पाठवलं कुणी, ते आधी सांगा. दवाखान्यानं? आत्ता बरा उमाळा आला दवाखान्याला! भाऊ चार महिने अंथरुणावर आहे, उजवी बाजू गेली, वाचा गेली — कोण फिरकलं? हळू बोला जरा, आतच झोपलाय तो.

बरं, म्हणजे पोटात जंतू असतात, कोट्यवधी, आणि ब्लडप्रेशर ते चढवतात? एकटे नाही — हं — थोडं आईबापाकडून आलेलं, थोडं खाण्यातलं, थोडं ह्या जंतूंचं. तिघांचं संगनमत म्हणा की! वडील आमचे प्रेशरनंच गेले, साठी नाही बघितली. पण मला बघा — एका आईची लेकरं, एकाच पातेल्यातलं जेवतो, मी सत्तरीत ठणठणीत आणि धाकटा आडवा. म्हणून माझी डबी, असं होय. आणि त्याची कशाला? — काय लिहिलंय कागदावर? परत वाचा. 'वर्षभर बिनमिठाचा आहार, तरी रक्तदाब चढाच.' म्हणून तो तुम्हाला वेगळा वाटला. कळलं.

काय? 'एकाच पातेल्यातलं' म्हणालो मी? — बोलायची रीत असते हो ती! तुम्ही काय पोलीस आहात? तरी मला वाटलंच, डबीचं नुसतं निमित्त, शोधायचंय भलतंच. वेगळं करत होतो मी त्याचं. महिनाभर केलं की! एक घास खायचा आणि ताट सरकवायचा. कापायची कात्री उचलेना त्याला, विजारीची कंबर मीच दोनदा आत घेतली — दोनदा! बघवेना. मग घातलं चिमूटभर. त्याला न सांगता. मग चिमटीनं कोण घालतंय रोज — दुसरं पातेलं चढवणंच सोडलं मी. आणि तो म्हणतो कसा, 'दादा, बिनमिठाचंही गोड लागायला लागलं बघ.' मी आणखी वाढलं त्याच्या ताटात. दवाखान्यात दर खेपेला विचारायचे, मी सांगायचो, मीठ बंद आहे. ते गोळी वाढवायचे.

आता एक सांगा मला, शिकलेल्या आहात — त्यात माझं किती? वडिलांचं किती, जंतूंचं किती, आणि माझं? वाटे करता येतात ना? — नाही? मग एवढ्या डब्या गोळा करून करता काय तुम्ही!

आता? आता देतो ना बिनमिठाचं. अगदी वेगळ्या पातेल्यात. आता ताट सरकवता येत नाही त्याला.

पेन काढा. ती ओळ खोडा — 'बिनमिठाचा' ती. नाही, माझ्यासमोर खोडा. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर लिहा, थोरल्या भावानं. झालं? आता उठा ताई. त्याला भरवायची वेळ झाली.