पोटाला लावलेला कान

डब्याचं झाकण फरशीवर खणकन पडलं आणि तळोद्याच्या दवाखान्यातली शांतता मोडली. लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या रूपालीने वर पाहिलं. समोरच्या बाकावर एक नवरा आपल्या पोटुशी बायकोच्या पोटाला कान लावून बसला होता.

“उठा ना. लोक देखी ऱ्हायनात.”

“देखू दे. पिक्चरमा तो सुपरहिरो आख्ख्या जगना आवाज ऐकस, पण गच्चीवर चूपचाप फक्त हिरॉइननं काळीज ऐकत बसस.”

“मंग आते उडीसनबी दखाडा!”

“मस्करी नको, ममता. रोज आठे पोटमा टकटक ऐकू ये. कालपासून काहीच नही.”

“बाळ झोपेल व्हई.”

“इतलं?”

“...परत लावा ना कान.”

रूपालीची लेक कुजबुजली, “आई, त्या बाळाला आपण ऐकू येतोय का?”