भोंगा वाजला तेव्हा दत्ता थांबला

मंडळी, तुम्ही आलात. आकुर्डीच्या गावठाणातून आलात, चाकणहून शिफ्ट सुटल्यावर अंगावरच्या युनिफॉर्मनिशी आलात, रावेतहून पोरंबाळं घेऊन आलात. संत तुकाराम नगरच्या या हॉलमध्ये एरवी बारशी होतात, साखरपुडे होतात. खुर्च्या आजही तशाच मांडल्यात. मला बोलायला उभं केलंय, कारण मी वार्ताहर, आणि वार्ताहराला शब्द सापडतात असा एक समज आहे. आज सापडत नाहीयेत. हाताला लागतील ते बोलतो. चुकलो तर सांभाळून घ्या.

आपला दत्ता गेला. चाकणच्या कंपनीतला मेन्टेनन्स फिटर, आणि आपल्या 'सेकंड शिफ्ट' या रॉक बँडचा ड्रमर. लहानपणी जत्रेत हलगी वाजवायचा, मोठेपणी ड्रम वाजवायला लागला. फरक विचारला, तर म्हणायचा, "हलगी उभ्यानं, ड्रम बसून. वय झालं आता."

या बँडची गाणी मी लिहायचो. संस्कृत शिकलेला माणूस रॉकची गाणी लिहितो यावर कोणाचा विश्वास बसत नसे. दत्ताचाही नव्हता. मी एखादी ओळ वाचून दाखवली की तो मान हलवायचा. "शास्त्रीबुवा, शब्द झ्याक हाय. पण ह्यात काठी मारायला जागाच न्हाई." मग मी सामासिक शब्द फोडायचो, आणि तो त्या फटीत काठी मारायचा. एकदा मी त्याला समजावलं की नाद दोन प्रकारचा. आहत, म्हणजे आघातानं होणारा. आणि अनाहत, म्हणजे आघाताविना. तो म्हणाला, "न वाजवता वाजतो? मग त्याला पगार कोण देतं?"

मंडळी, अल्बमचं तुम्हाला ठाऊक आहे. थोडक्यात पुन्हा सांगतो, कारण आज आपण ज्यासाठी जमलोय ते त्याच्यातच आहे.

आधी आम्ही पुण्यातल्या एका स्टुडिओत गेलो. दत्ताला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन दिले. त्या दिवशी तो इतकं वाईट वाजवत होता की मलासुद्धा कळलं. बाहेर येऊन म्हणाला, "काचंत बसून कोण वाजवतं राव? मी काय मासा हाय?" तेव्हा ठरलं, अल्बम लोकांसमोर करायचा. लाइव्ह. आणि जागा दत्तानं सुचवली. त्याच्याच कंपनीचा प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांची शेड, खंडेनवमीला.

का? वर्षातून त्या एका दिवशी तिथली यंत्रं गप्प असतात. धुतलेली, पुसलेली, झेंडूचे हार घातलेली. त्या दिवशी कोणी त्यांना हात लावत नाही. घरची माणसं येतात, नारळ फुटतात, पेढे वाटतात. तुमच्यातले निम्मे लोक त्या दिवशी तिथं होते. रेकॉर्डिंगमधल्या टाळ्या तुमच्याच आहेत.

आणि मग चौथ्या गाण्याच्या मध्यावर भोंगा वाजला. जेवणाच्या सुट्टीचा.

भोंगा घड्याळावर चालतो. सणाच्या दिवशी तो बंद ठेवायचा असतो. ते काम कोणाचं? मेन्टेनन्सचं. मेन्टेनन्समध्ये कोण? दत्ता. दत्ता कुठं होता? सकाळपासून ड्रमचे स्टँड आवळत होता.

भोंगा वाजला आणि अख्खा शॉप उभा राहिला. आठवतंय ना? कोणी ठरवलं नाही, कोणी सांगितलं नाही. मांडीवरची पोरं खाली ठेवून बाप उभे राहिले. मागच्या रांगेतले काही जण तर कॅन्टीनकडे वळलेसुद्धा. आणि दत्तानं काय केलं? दोन्ही काठ्या ड्रमवर ठेवल्या, खिशातलं फडकं काढलं आणि हात पुसायला लागला. गाण्याच्या मध्यात. गिटार जराशी पुढं गेली आणि तीही थांबली. शांतता. मग त्याच्या लक्षात आलं. मान वर करून म्हणाला, "बसा राव. आज सुट्टी हाय." तुम्ही हसलात. त्यानं काठ्यांवर काठ्या आपटून चार मोजले, आणि गाणं जिथं तुटलं होतं तिथूनच पुन्हा धरलं.

आपला गिटारवाला अनिकेत, तो तिथं शेवटच्या रांगेत बसलाय. रेकॉर्डिंगचं सगळं त्यानंच केलं. नंतर रावेतला त्याच्या घरी आम्ही ऐकायला बसलो. अनिकेत म्हणाला, "दत्ताभाऊ, हा भाग काढूया. लोक हेडफोन लावून ऐकणार. दचकतील."

"दचकू दे. आमी रोज दचकतो."

"गाणं तुटतंय भाऊ."

"तुटलंच व्हतं की, भावा. मग जोडलं कुणी?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही बाजू छापणारा माणूस. म्हणालो, तुम्हीच ठरवा. अनिकेतनं तो भाग काढला. ऐकायला गाणं चांगलं झालं होतं, हे खरं आहे. दत्ता उठला आणि चहा न घेता गेला. त्याला ओळखणाऱ्यांना कळेल, चहा न घेता म्हणजे काय.

ते भांडण मिटायचं राहिलं. त्याच आठवड्यात पहिली शिफ्ट करून परत येताना हायवेवर ट्रेलरनं त्याला उडवलं.

अशा बातम्या मी बऱ्याच लिहिल्यात. 'दुचाकीस्वार जागीच ठार.' दोन ओळी, आतलं पान. 'जागीच' हा शब्द मी किती सहज लिहीत आलो. यावेळी ती जागा पाहिली. तिथं दत्ताचा डबा पडला होता. घासलेला. रोज निघायच्या आधी तो नळावर डबा घासायचा, घरी वहिनींना नको म्हणून. भोंगा वाजला की हा माणूस गाण्याच्या मध्यातही थांबायचा. त्याच्यासाठी कोणी थांबलं नाही. यावर माझ्याकडे सुभाषित नाही. असतं तरी आज म्हटलं नसतं.

तेरावं झाल्यावर सुनीतावहिनींनी, दत्ताच्या पत्नीनं, अनिकेतला विचारलं, "त्या अल्बममधी ह्यांचा आवाज हाय का?"

अनिकेत म्हणाला, "वहिनी, सगळ्या गाण्यांत दत्ताभाऊच आहेत."

"वाजवणं न्हवं. बोलणं." वहिनींच्या फोनमध्ये घरातल्या सगळ्यांचे व्हिडिओ आहेत. दत्ताचा एकही नाही. काढणारा तोच असायचा.

ड्रमरपुढं गायचा माइक नसतो, मंडळी. अख्ख्या अल्बममध्ये दत्ता फक्त एकदा बोललाय. ड्रमसाठी लावलेल्या माइकनं ते टिपलं होतं. आणि नेमकं तेच कापलं होतं.

अनिकेत, मान वर कर. तू चुकीचं बोलत नव्हतास. तोही नव्हता. कापलेलं तू फेकलं नव्हतंस, एवढं पुरे. अनिकेतनं तो भाग होता तिथं परत जोडलाय. अल्बम आता तसाच निघेल, भोंग्यासकट.

वहिनींनी तो अजून ऐकलेला नाही. घरी आणून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, "एकटीला न्हाई जमायचं. समद्यांसंगं ऐकीन."

तेव्हा श्रद्धांजलीची शांतता मी मागणार नाही. ती दत्तानंच ठेवून दिलीय, चौथ्या गाण्यात. गाणं सुरू होईल, भोंगा वाजेल. उभं राहायचं तुम्हाला सांगावं लागणार नाही. वहिनींच्या शेजारी बसलेल्या बायकांनो, त्यांचा हात धरा. कोणी घड्याळ बघू नका. बसायचं कधी, ते तो सांगेल.

अनिकेत, लाव.