खाऱ्याचं नाव

माजाली : बसा, अजून बसा. ओहोटी तुमच्यासाठीच थांबलीय.

नोम्पेलो : टोमणे मारू नकोस, वहिनी. तीन तास नुसते कडे उतरतोय. मोबाइलच्या नकाशात इथे वाटच नाही.

माजाली : माहेरची वाट मोबाइलला विचारतात का, वन्सं? जोहान्सबर्गला पळालात तेव्हा कुणाला विचारली होतीत? तेव्हा बरी सापडली.

नोम्पेलो : चाळीस वर्षं झाली त्याला. आणि हे बूट दुकानदाराने खास डोंगरासाठी म्हणून दिलेत.

माजाली : टीव्हीवरच्या डोंगरासाठी दिले असतील. काढा ते, अनवाणी उतरा. गेल्या महिन्यात दोन गोरे आले होते, पाठीवर बिऱ्हाड घेऊन. म्हणाले, जगात असला सुंदर किनारा नाही. म्हटलं, बघा बाबांनो, पोटभर बघा. माझे सासरे यानेच गिळले. पण ते दोघे तुमच्याइतक्या धापा टाकत नव्हते.

नोम्पेलो : समुद्र तर ऐकू येतोय. जवळच असेल ना?

माजाली : खारं अजून त्या सुळक्याच्या पलीकडे आहे.

नोम्पेलो : खारं, खारं. सकाळपासून ऐकतेय. समुद्र म्हण ना सरळ. कोण ऐकतंय इथे?

माजाली : सासऱ्यांचं नाव घेऊ?

नोम्पेलो : बाबांचं नाव ल्वांडले. ल्वांडले म्हणजे समुद्र, म्हणून काय सुनेने समुद्राला समुद्र म्हणायचं नाही? मी तर रोज म्हणते.

माजाली : तुम्ही लेक. लेकीला मुभा आहे. मी अडतीस वर्षं या पाण्यात उतरून कालवं खरवडते, कधी तोंडातून नाव गेलं नाही.

नोम्पेलो : ज्या माणसाला तू डोळ्यांनी पाहिलं नाहीस त्याच्यासाठी. लग्न होऊन आलीस तेव्हा त्यांना बुडून दोन वर्षं झाली होती.

माजाली : न पाहिलेले सासरे हे सासरे नसतात का?

नोम्पेलो : अडाणीपणा आहे सगळा. जोहान्सबर्गला सांगितलं तर लोक हसतील.

माजाली : हसू देत. मग तिथेच एखाद्या नळाखाली धरायची होती ही बोरीची फांदी. इतक्या लांब पायपीट कशाला?

नोम्पेलो : कशाला ते तुला माहीत आहे.

माजाली : माहीत आहे, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. फोनवर तर नुसत्या रडत होतात.

नोम्पेलो : बाबा स्वप्नात येतात. आठव्या मजल्यावर, माझ्या दारात उभे राहतात. कपड्यांतून पाणी गळत असतं. आत या म्हणते, तर येत नाहीत. नुसते बघत राहतात. मला आता झोपायची भीती वाटते, वहिनी.

माजाली : येतील कसे? लाटेने ज्या खडकावरून नेलं तिथून त्यांना कुणी घरी आणलंच नाही. मी सांगून सांगून थकले. तुमचे दादा दर वर्षी म्हणायचे, खाणीतून सुट्टी मिळाली की फांदी घेऊन जातो आणि तिच्यावरून त्यांच्या आत्म्याला घरी आणतो. मिळाली एकदाची सुट्टी, खोकत घरी आले, आणि गेल्या हिवाळ्यात स्वतःच गेले. आता सासऱ्यांच्या रक्ताचं कोण उरलं? तुम्ही एकट्या. आणि तुम्ही बुटांच्या नाड्या सोडत बसलाय.

नोम्पेलो : उठले ग. चल.

माजाली : हळू. हात कोरफडीला लावू नका, काटे आहेत. खाली नदीचं मुख दिसतंय ना, ते ओहोटीलाच ओलांडता येतं. उशीर केलात तर रात्र तिकडेच काढू, खेकड्यांसोबत.

नोम्पेलो : लहानपणी मी हे धावत उतरायचे.

माजाली : हो, ऐकलंय. तुमच्या लहानपणाच्या शौर्यकथा घरात सगळ्यांना पाठ आहेत, तेवढ्या तुम्ही सांगितल्यात. उचला पाय.

नोम्पेलो : आला का तो खडक?

माजाली : हाच. इथे गळ टाकून बसायचे म्हणे. आता नीट ऐका. बाबांना हाक मारून परत फिरलात की फक्त त्यांच्याशी बोलायचं. माझ्याशी एक अक्षर नाही. प्रत्येक ओढा, प्रत्येक वळण त्यांना सांगत न्यायचं, नाहीतर ते वाटेत मागे राहतात. तेव्हा मला काही सुनवायचं असेल तर आत्ताच सुनवा.

नोम्पेलो : सुनवायचं पुष्कळ आहे. पण भरती लागेल.

माजाली : मग हाक मारा. त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं. क्रमाने.

(नोम्पेलो खडकावर वाकून फांदी पाण्याला लावते.)

नोम्पेलो : ल्वांडले. बाबा, ल्वांडले, मुलगा… मुलगा…

माजाली : का थांबलात?

नोम्पेलो : आजोबांचं नाव. आत्ता ओठांवर होतं.

माजाली : स्वतःच्या आजोबांचं. वा.

नोम्पेलो : तू सांग ना. दादा पूर्वजांसाठी बैल कापताना सगळी नावं घ्यायचा, तू तिथेच असायचीस. तुला येतात.

माजाली : येतात की. पण ती सगळी माझ्या सासरची थोर माणसं, माझ्या तोंडाला बंदी. कमाल आहे बघा, वन्सं. तुमचं तोंड मोकळं होतं, तुम्ही विसरलात. माझं बांधलेलं, तर मला एकूण एक पाठ.

नोम्पेलो : आता नको ग चिडवू. पाणी चढतंय. मी रिकामी फांदी घेऊन परत नाही जाणार. ते पुन्हा दारात येतील, मग त्यांना काय सांगू? नावं विसरले म्हणून?

माजाली : डोळे पुसा. मका कशात शिजवता?

नोम्पेलो : काय?

माजाली : मका. चुलीवर कशात शिजवता? मी त्याला ‘काळं’ म्हणते. का म्हणते?

नोम्पेलो : भांड्यात. मडक्यात. मडकं म्हणजे म्बिझा… म्बिझा. आजोबा म्बिझा.

माजाली : उजाडलं एकदाचं. आता त्यांचे वडील. धार काढायच्या आधी गाईला काय लागतं? मी त्याला ‘पिणारं’ म्हणते.

नोम्पेलो : वासरू. थोले. हो, थोले.

माजाली : आणि त्यांचे? सकाळी हे कडे झाकून टाकतं ते. मी म्हणते ‘पांघरूण’.

नोम्पेलो : धुकं. न्कुंगू. वहिनी, तू इतकी वर्षं मडकं नाही, वासरू नाही, धुकं नाही, समुद्र नाही? मग बोललीस तरी काय?

माजाली : कामापुरतं बोलले. तुम्ही आता एका दमात म्हणा, पाणी घोट्याला लागलंय.

नोम्पेलो : ल्वांडले. म्बिझाचे ल्वांडले, थोलेच्या, न्कुंगूच्या घरचे ल्वांडले. मी नोम्पेलो, तुमची लेक. मला फार उशीर झाला, बाबा. न्यायला आलेय. चला घरी.

माजाली : झालं. फांदी शालीखाली घ्या. आता माझ्याशी बोलणं बंद. मी पुढे होते.

नोम्पेलो : बाबा, खडक उतरतोय आपण. इथे शेवाळ आहे, जपून. आता वाळू लागली. पुढे नदी आहे, पाणी गुडघ्याएवढं आहे.

माजाली : डावीकडून या. उजवीकडे गाळ आहे. उत्तर देऊ नका.

नोम्पेलो : बाबा, नदी ओलांडली आपण. आता कडा चढायचा आहे. इथून पुढची वाट मला आठवत नाही. ती पुढे चाललीय ना, लाल फडकं बांधलेली, ती तुमची सून. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तिच्या मागून चला.