फळ्याच्या चौकटीचे खिळे

ठेवा तिथं. करतो सही, कुठं पळून चाललोय का मी? तुमची मोटार साडेपाचला. ऊन अजून माझ्या पायावर हाय, म्हंजे तास-सव्वा तास हाय तुमच्याजवळ. बसा. घोंगडी झाडलेली हाय. च्या मात्र बिनदुधाचा मिळंल — ह्या साली गावात दूध कुनाच्या घरी हाय ते दाखवा, मी स्वतः मागून आनतो. तुमी राहात्याकडचे, पाटपान्याची मानसं, काळा च्या उतरायचा न्हाई तुमच्या घशाखाली. उतरंल म्हनता? बघू. छबू, च्या टाक. तालुक्याचे साहेब आलेत, शाळा तपासून. कागूद दिलाय, वाचून सही करा म्हनत्यात.

वाचून सही करा. अडतीस वर्सं मास्तरकी झाली साहेब, तुमच्या आदी किती आले न् गेले, घोड्यावर आले, सायकलीवर आले, एक तर बैलगाडीत झोपून आला, पन वाचून सही करा असं कुनी म्हनलं न्हाई. कागूद पुढं सरकवायचे, मी सही ठोकायचो. तुमालाच का वाचून पायजे? काय लिवलंय असं? — सांगू नका. मी वाचीन. उजेड जरा उतरलाय आन् चष्मा शाळेत राह्यलाय, एवढंच. व्हय, ऊन हाय म्हनलो मी, पन तिरपं हाय. तिरप्या उन्हात वाचता येतं का? तुमाला येत असंल. तुमी शिकलेले.

आन् वाचायचं तरी कशाला? मला ठावं हाय आत काय हाय ते. सकाळी वर्गात काय केलं तुमी? पोरांना एक प्रश्न न्हाई. माझी टाचनवही उघडली, चार पानं उलटली, नाकातनं हसल्यासारखा आवाज केला, मिटली. अक्षर बघून हसला ना? असू द्या. मंग फळ्यापाशी गेला आन् चौकटीवर बोट फिरवलं. खिळे मोजले तुमी. एक, दोन, तीन — आठ मोजले, पुटपुटत. आन् इचारलं, गुरुजी, हे खिळे कशाला? मी म्हनलं, ओळी सरळ येत्यात. तुमी म्हनला, अस्सं. ह्या अस्सं-मधी काय हुतं ते न कळायला मी काय पहिलीत हाय? त्या कारभारी सुतारानंबी असंच केलं हुतं. त्याला सांगितलं, नकाशे टांगायला खिळे मार. तो म्हनला, गुरुजी, एका खाली एक आठ नकाशे? मी म्हनलं, तू हातोडा चालव, तोंड चालवू नको. त्यानं चालवला. पन जाताना अस्सं म्हनून गेला.

तुमचा माझ्यावर डोळा आजचा न्हाईच. मागल्या मे महिन्यात नेवाशाला उजळनी वर्ग झाला तवापासूनचा हाय. नवा अभ्यासक्रम, नवी पुस्तकं, म्हंजे मास्तर नवे पायजेत. धा दिवस. पत्र्याच्या खोलीत चाळीस मास्तर उकडायला घातले आन् पुढं तो राधाकृष्ण — आडनाव काय त्याचं — मिसरूड फुटून चार वर्सं न्हाई झाली, तो सांगतो, मुलाला शिकवू नका, मुलाला शिकू द्या. मी म्हनलं, बरं, मंग आमाला का शिकवतो बाबा, आमाला शिकू दे की. मास्तर हसले. त्याला झोंबलं. म्हनला, गुरुजी, तुमची वही कोरी का, टिपनं का न्हाई घेत? उभा राह्यलो आन् सकाळपासनं तो जे बोलला ते त्याच्याच शब्दात म्हनून दाखवलं, मधी दोनदा शिंकला हुता ते सुदीक. परत म्हनला न्हाई मला काही. तुमी तवा दाराशी बसला हुता. खोकत हुता. तुमी न्हाई हसला. ध्यानात हाय माझ्या.

मी फायनल पास, साहेब. सातवी. तुमच्यावानी कॉलेजची पायरी न्हाई चढलो. पन वर्ग म्हंजे काय ते मला इचारा. चार वर्ग, एक खोली, एक मास्तर. निम्मी पोरं दुष्काळी कामावर आईबापासंगं खडी फोडत्यात आन् दुपारी येत्यात, हाताला फोड घेऊन. त्यांना पाटी धरवत न्हाई, त्यांच्याकडनं तोंडी घेतो. पाटीवर पेन्सिल कशी चालती त्यावरनं सांगतो कोन लिवतंय आन् कोन मोर काढतंय. लिवनाराची पेन्सिल थांबत थांबत चालती. मोरवाल्याची थांबत न्हाई. गोरक्ष नावाचं पोरगं मागल्या भिंतीला टेकून बसतं, त्याच्या नाकात शीळ वाजती, आन् खोटं बोलला की ती शीळ बंद पडती. हे कुठल्या पुस्तकात हाय? तुमच्या राधाकृष्णाला इचारा. गृहपाठ मी तपासत न्हाई. लिवलंय ते उभं राहून वाचायचं, मोठ्यानं, वर्गासमोर. चुकलेलं ज्याचं त्याला ऐकू येतं, तोंडात अडकतं. लाल शाई कशाला?

आन् ते छडीचं. छडी दिसत न्हाई, म्हनला तुमी. मी म्हनलं, वापरत न्हाई. तुमी परत अस्सं. काय अस्सं? वापरायचो. चिंचेची वापरायचो, तेल पाजून. पस्तीस-छत्तीस वर्सं वापरली, श्रीमंत नावाचा गावातला आजचा सरपंच, त्याच्या तळहाताला इचारा. मंग सोडली. का सोडली? मास्तरला अक्कल आली, असं समजा. तसं न्हाई समजत? बरं. बनाबाईची मालन तवा दुसरीत हुती. पाढा चुकला. हात पुढं कर म्हनलं. केला पोरीनं. छडी बसली कानावर. हातावर द्यायची ती कानावर. पोरगी रडली पायजे का न्हाई? न्हाई रडली. म्हनली, गुरुजी, हात हिकडं हाय.

त्याच दिवशी छडी चुलीत घातली. छबूनं इचारलं, का? मी म्हनलं, भाकरी भाज. आन् तवापासनं वर्गाला ठावं हाय. गावाला न्हाई. मी चुकीचं पान उघडलं तर पुढचं पोरगं खाकरतं. उंबऱ्यात दप्तर पडलेलं असलं तर मी यायच्या आत उचललेलं असतं. कुनी शिकवलं? मी न्हाई. दोन वर्सं एकोनीस तोंडं गप हाईत. आईबापाशी गप हाईत, साहेब. त्या मालनच्या आईला अजून ठावं न्हाई कान का सुजला हुता. आन् मी इथं बसून तुमाला —

असू द्या. तुमाला ठावं हायच की. नसतं तर खिळे मोजले असते का तुमी?

हात फिरवून बघताय का माझ्या डोळ्यापुढनं? फिरवा. वारा लागतो त्याचा. काचबिंदू म्हनला नगरचा डॉक्टर. मोतीबिंदू असता तर कापून काढला असता म्हनला, ह्याला उशीर झाला. आदी कडंकडंनं गेलं, नळीतनं बघावं तसं दिसायचं. आता उजेड का अंधार, एवढं कळतं. आन् मला काय अडलं? फळ्यावर खिळा चाचपून ओळ धरायची, आन् जुनं पुस्तक पाठ हुतं, पानासकट. चौथीचा अकरावा धडा सदतिसाव्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात शब्दार्थ. आंधळ्यानं शिकवावं का डोळसानं, पोरांना फरक पडला न्हाई. पन तुमाला चैन पडतं का? पुस्तकं बदलली तुमी. सगळी. एका जूनमधी. नवी आली तवा हातात घेऊन बसलो, वास घेतला, शाईचा वास चांगला हुता. बाकी काही न्हाई आलं हाताला.

कुनाला वाचायला सांगायचं? गावातल्या कुनाला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पारावर. घरात बायको, ही छबू. अडतीस वर्सं गावाची पोरं शिकवली साहेब, आन् घरातलं मानूस अंगठा लावायचं. मीच म्हनायचो, भाकरी थापायला अक्षर कशाला? उजळनी वर्ग सपवून आलो त्याच दिवशी परातीत पीठ पसरलं, हिचं बोट धरलं आन् काढला अ. पीठ, कारन पाटीवर काय काढलं ते मला दिसंना, पिठात हात लावून कळायचं. चूक असली की मी पुसायचो. लई ओरडलो मी. पीठ वाया जातंय म्हनून ती ओरडायची. धा दिवसात तुमी मला जे शिकवलं न्हाई ते मी त्या परातीत शिकलो — पन्नास वर्साच्या मानसाला क आन् फ मधी फरक कसा सांगायचा ते. दिवाळीला ती धडा वाचायला लागली. ती वाचती, मी पाठ करतो, सकाळी जाऊन शिकवतो. वाचताना आवाज रागाचाच असतो. मागं एकदा म्हनली, एवढं सोपं हुतं तर आदी का न्हाई शिकवलं? मी म्हनलं, पुढचं पान वाच. दुसरं काय म्हननार? टाचनवही पन तीच लिवती. ते अक्षर, ज्याला तुमी हसला.

नोकरीचे पंधरा महिने राह्यलेत माझे. एक जून सोळा साल, माझ्या मास्तरानं लिवलेली जल्मतारीख, सगळ्या गावाला लिवली तीच. पंधरा महिन्यांत ही चौथी बाहेर पडती, पुढची चौथी बाहेर पडती. डोळ्याचं लिवलं तर मी उद्यापासनं घरी. बदली मास्तर यायला वर्स लागंल, ह्या दुष्काळात इथं येतोय कोन? मंग खडीवरनं दुपारी आलेली पोरं कुलूप बघून माघारी जातील, आन् दुसऱ्या दिवसापासनं दुपारीबी खडीच फोडतील. तुमाला ठावं हाय हे. तरी लिवलंय. लिवलंय ते लिवलंय. मी पाया पडनाऱ्यातला न्हाई. पन वाचून सही करा म्हनला ना? वाचूनच करनार.

छबू. हिकडं ये. च्या राहू दे. हात पूस. हा घे कागूद, वाच. मोठ्यानं, साहेबासमोर. बघू द्या त्यांना मास्तरचा चष्मा.

'शाळेचे नाव' सोड. खाली ये. 'वर्गात शिस्त चांगली.' बरं. सावकाश वाच. 'गुरुजी छडी वापरत नाहीत.' हं. पुढं. 'मुले आपले लिखाण' — काय अडलं? जोडाक्षर हाय? सोड ते, पुढचा शब्द — 'वाचून दाखवतात व चुका आपणच शोधतात.' पुढं. 'टाचण रोजचे आहे. अक्षर वळणदार.' वळणदार? नीट वाच. वळणदारच लिवलंय? खिळ्याचं कुठं हाय? बोट ठेव आन् वाच. 'फळ्याला खिळे मारून ओळी सरळ काढण्याची गुरुजींची' — काय? — 'युगत इतर शाळांनी घ्यावी.'

परत वाच ते.

डोळ्याचं बघ. खाली असंल. मागं बघ कागदाच्या. न्हाई? कुठंच न्हाई? कोरं हाय?

म्हंजे तुमाला ठावं नव्हतं.

अस्सं म्हंजे नुसतंच अस्सं. वाचून सही करा म्हंजे — चांगलं लिवलंय, म्हाताऱ्यानं वाचावं, खूश व्हावं, एवढंच हुतं व्हय. आन् मी ह्या उन्हात बसून सगळी शाळा उघडी केली. पोरांनी गप ठेवलं दोन वर्सं. सात-आठ वर्साच्या पोरांनी. मास्तरला तासभर न्हाई जमलं.

छबू, तू आत जा. उतू गेला बघ च्या. डोळे पूस, रडायला काय झालं.

काही बोलू नका साहेब. सांभाळून घेतो, असलं तर मुळीच बोलू नका. ऐकलं मी. टोपन काढलं तुमी पेनाचं. फिरकीचं हाय, तीन आटे.

लिवा. काय लिवायचं ते लिवा, मी हात धरनार न्हाई. अक्षर तेवढं मोठं आन् सुटं काढा. अवघड जोडाक्षरं तिला अजून येत न्हाईत, आन् मी वाचल्याबिगर सही करनार न्हाई.