घट्ट धरलं होतं

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. आत तिच्या तान्ह्याचं ऑपरेशन चाललं होतं. तिच्या दोन्ही मनगटांना बँडेज होतं.

"दादा, मी त्याला घट्ट धरलं होतं रे. मांडीवर, दोन्ही हातांनी."

"माहितेय मला."

"मग सुटला कसा? दहा किलोचं तर पोर."

"गाडी थांबली, तो थांबला नाही. त्याचा वेग तसाच राहिला."

"वर्गात शिकवल्यासारखं नको सांगूस."

"मला तेवढंच येतं गं."

"बरं, सांग."

"गाडी पन्नासच्या वेगात होती. झाडावर आदळून क्षणात थांबली. एवढा संवेग इतक्या कमी वेळात थोपवायचा, म्हणजे दीडशे किलोचं ओझं झेलण्यासारखं. ते कुणाच्याच हातांना जमलं नसतं."

"सासूबाई म्हणतात, आईच्या हातून पोर सुटतंच कसं."

"त्यांना मी समजावतो. तुझी काही चूक नाही."

"मग कशाने धरलं असतं त्याला?"

"त्याच्या बेबी सीटच्या पट्ट्यांनी."

"सीट कायम मागे लावलेली असते. आज दिसलीच नाही. निघायची घाई, म्हणून मांडीवर घेतलं."

"माझ्या प्रयोगशाळेत आहे ती."

"तुझ्याकडे?"

"काल तुझी गाडी नेली होती ना. सामान मावेना, म्हणून काढली. परत लावायची राहून गेली."

"कसलं सामान?"

"छोट्या गाड्या. मुलांना टक्कर शिकवायची होती."